फिक्स जोडणी: लायब्ररी घ्यायची की स्वतः लिहायचं, आणि कुठल्या क्रमाने

फिक्स म्हणजे शेअर बाजारातल्या ऑर्डर आणि सौद्यांचे संदेश संगणकांमध्ये देण्याघेण्याची ठरलेली पद्धत. ब्रोकरकडे या प्रोटोकॉलने ऑर्डर पाठवायची वेळ आली की टीम साधारण दोन प्रकारे चुकतात. पहिल्या टीममध्ये कुणीतरी संदेशाचा नमुना बघतो: टॅगचा आकडा, बरोबरचं चिन्ह, मूल्य, पुन्हा टॅगचा आकडा. आणि म्हणतो, "एवढंच ना? दोन दिवसांत पार्सर लिहून देतो." पार्सर, म्हणजे संदेश तोडून वाचणारा कोड, खरंच दोन दिवसांत होतो. पुढचे कित्येक महिने सीक्वेन्स नंबरांशी, म्हणजे प्रत्येक संदेशावरच्या चढत्या क्रमांकाशी, झटापट चालते. दुसरी टीम लायब्ररी उतरवून घेते, सोबत आलेला नमुना प्रोग्राम चालवते, लॉगऑन झाला की पेढे वाटते आणि एखादी ऑर्डर दोनदा जाईपर्यंत निवांत असते.

दोघांनीही कुठला भाग कुणी सांभाळायचा हे आधी ठरवलेलं नसतं. त्यामुळे इथे निर्णय चौथ्या टप्प्यावर येतो. त्याआधीचे तीन टप्पे गाळून थेट तिथे उडी मारू नका. उदाहरणं आवृत्ती ४.२ आणि ४.४ ची आहेत, कारण ऑर्डर पाठवण्याच्या कामात बहुतेकांची गाठ त्यांच्याशीच पडते.

## टप्पा १. समोरच्याचा दस्तऐवज, आणि त्यात नसलेले प्रश्न

फिक्सचं मानक एक असलं तरी प्रत्येक ब्रोकरचं फिक्स वेगळं असतं. ते वेगळेपण 'रूल्स ऑफ एंगेजमेंट' नावाच्या दस्तऐवजात लिहिलेलं असतं. तो हातात येईपर्यंत कोडची एक ओळही लिहू नका. आला की वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं काढा. निम्मी उत्तरं त्यात नसतील, ती मागून घ्या.

- आवृत्ती कोणती? ५.० असेल तर सेशनचा (जोडणी उघडून टिकवण्याचा) थर एफआयएक्सटी १.१ चा असतो आणि डिक्शनरीच्या, म्हणजे कोणता टॅग कशाचा हे लायब्ररीला सांगणाऱ्या, फाइल एक नाही, दोन लागतात.
- सीक्वेन्स नंबर पुन्हा १ वर कधी येतात? रोज, आठवड्यातून एकदा, की कधीच नाही? लॉगऑनमध्ये टॅग १४१ पाठवून रीसेट मागितलेला चालतो का?
- सेशन किती वाजता उघडतं आणि बंद होतं? ती वेळ भारतीय की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ?
- जोडणी तुटली की उघड्या ऑर्डर आपोआप रद्द होतात की बाजारात तशाच राहतात?
- ऑर्डर आयडीत किती अक्षरं चालतात, आणि तो दिवसापुरता वेगळा असला तर पुरतो की कायमचा?
- ५००० ते ९९९९ या पट्ट्यातले स्वतःचे टॅग कोणते, आणि त्यांतले सक्तीचे कोणते?

नेटवर्कचा अर्ज याच दिवशी टाका. लीज्ड लाइन किंवा व्हीपीएन, आयपी व्हाइटलिस्ट, टीएलएसची प्रमाणपत्रं यांची कागदपत्रं तुमच्या कोडपेक्षा सावकाश सरकतात.

तपासा: सगळी उत्तरं ईमेलवर लेखी आहेत ना? फोनवर "हो हो, रोज रीसेट होतं" म्हणणारा माणूस नेमका गो-लाइव्हच्या दिवशी रजेवर असतो.

## टप्पा २. हे फिक्सच आहे का?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण मुंबईत हमखास पडतो. संस्थात्मक ग्राहक आणि ब्रोकर यांच्यात फिक्स चालतं. ब्रोकरची यंत्रणा एक्स्चेंजला जोडताना मात्र चित्र बदलतं. एनएसईचा एनएनएफ हा ठरावीक रचनेचा बायनरी प्रोटोकॉल आहे: टॅग-मूल्य नाही, ठरलेल्या जागी कच्चे बाइट. बीएसईचं बोल्ट प्लस डॉइश बोर्सच्या टी७ वर उभं आहे आणि त्याचा ईटीआय इंटरफेसही बायनरीच. शिकागोच्या सीएमईचं आयलिंक ३ सुद्धा बायनरी आहे. तिथे टॅग-मूल्य वाचणारी नेहमीची फिक्स लायब्ररी काहीच कामाची नाही. त्या कामासाठी त्या-त्या एक्स्चेंजचं तयार अडॅप्टर विकत घ्या किंवा स्वतः लिहा.

## टप्पा ३. कागदावर तीन थर आखा

कागद घ्या आणि तीन रकाने काढा.

पहिला, बांधणीचा थर: बाइट वाचणं, टॅग वेगळे काढणं, लांबी आणि चेकसम (संदेश धड पोचला का ते तपासणारा आकडा). सगळ्यांना दिसतो तो हाच, आणि सगळ्यांत सोपाही हाच.

दुसरा, सेशनचा थर: लॉगऑन, हार्टबीट (ठरावीक वेळाने जाणारा 'मी जिवंत आहे' हा संदेश), टेस्ट रिक्वेस्ट ('आहेस का?' ही विचारणा), सीक्वेन्स नंबर, राहून गेलेले संदेश परत मागणं आणि परत देणं, हे सगळं डिस्कवर टिकवणं. लायब्ररीचे पैसे वसूल होतात ते इथे, फुकटच्या लायब्ररीचेसुद्धा.

तिसरा, ऑर्डरचा थर: कोणती ऑर्डर कोणत्या अवस्थेत आहे, किती शेअर झाले, किती उरले, रद्द करायची विनंती मान्य झाली की नाही. हा थर कुठलीही लायब्ररी देत नाही. "लायब्ररी घेतली, आता सगळं तीच बघेल" हा समज इथेच महागात पडतो.

प्रत्येक रकान्यात जबाबदार माणसाचं नाव लिहा. तिसऱ्या रकान्यात नाव नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४. आता निर्णय

माझं मत सरळ आहे: ब्रोकरशी किंवा ग्राहकाशी साधी फिक्स जोडणी असेल तर पहिले दोन थर लायब्ररीचे, तिसरा तुमचा. सी++ साठी क्विकफिक्स, जावासाठी क्विकफिक्स/जे, डॉटनेटसाठी क्विकफिक्स/एन. टीमची जी रोजची भाषा, तीच निवडा. पायथनचं क्विकफिक्स म्हणजे आत सी++ वर चढवलेलं वेष्टण असतं. आत काही फसलं तर सी++ वाचणारा कुणीतरी टीममध्ये हवा. जावात विलंब कमी हवा असेल तर आर्टिओ आहे, पण त्याची मांडणी समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

स्वतः लिहिण्याला सबळ कारणं मोजकीच:

- प्रोटोकॉल बायनरी आहे (टप्पा २).
- मोजमाप करून सिद्ध झालंय की विलंब लायब्ररीतच जातो. "लायब्ररी स्लो असते" हे ऐकीव ज्ञान मोजमापात धरू नका. संदेश सॉकेटवर आला ती वेळ, तुमच्या कोडच्या हाती आला ती वेळ आणि उत्तर सॉकेटवर गेलं ती वेळ, या तिन्हींची नोंद ठेवून बघा. बऱ्याचदा खरा वेळ डेटाबेसमध्ये किंवा रिस्क चेकमध्ये खर्ची पडतो.
- काम फक्त लॉग वाचण्याचं आहे. दिवसअखेर फाइलमधून झालेले सौदे काढायला सेशनची गरजच नाही. तिथे लायब्ररी आणणं उगाच ओझं, पन्नास ओळी पुरतात.

सावध: काहीही निवडलं तरी ट्रेडिंगच्या कोडला टॅगचे आकडे दिसता कामा नयेत. मध्ये तुमचा पातळ थर ठेवा: 'ऑर्डर पाठव', 'रद्द कर', 'सौदा झाला'. उद्या दुसरा ब्रोकर आला किंवा लायब्ररी बदलली तर बदल तेवढ्यातच होतो.

## टप्पा ५. लायब्ररी बसवताना

वेळ. क्विकफिक्समध्ये स्टार्टटाइम आणि एंडटाइम काही वेगळं न सांगितल्यास यूटीसीमध्ये धरले जातात. बाजार ९:१५ ला उघडतो म्हणून कुणी स्टार्टटाइम ०९:०० लिहिलं, तर सेशन भारतीय वेळेनुसार दुपारी २:३० ला उठेल, बाजार बंद व्हायला तासभर उरलेला असताना. सकाळी ८:३० ते दुपारी ४:०० हवं असेल तर ०३:०० ते १०:३० लिहा. किंवा क्विकफिक्स/जे मध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्या, सी++ मध्ये लोकल टाइमची सेटिंग वापरा. संदेशातला टॅग ५२, म्हणजे पाठवल्याची वेळ, मात्र यूटीसीतच जाते. ती भारतीय करायच्या भानगडीत पडू नका.

घड्याळ. पाठवल्याची वेळ आणि आपलं घड्याळ यांत १२० सेकंदांहून जास्त फरक पडला तर क्विकफिक्स संदेश नाकारतं आणि सेशन तोडतं. इलाज म्हणून ती तपासणीच बंद करणारे पुष्कळ भेटतात. त्यापेक्षा सर्व्हरवर एनटीपी, म्हणजे घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारी सेवा, लावा.

डिक्शनरी. लायब्ररीसोबत आलेली एक्सएमएल फाइल जशीच्या तशी वापरू नका. तिची प्रत काढा आणि ब्रोकरचे टॅग तिच्यात भरा. रिपीटिंग ग्रुपमध्ये, म्हणजे एकाच संदेशात पुन्हापुन्हा येणाऱ्या टॅगांच्या संचात, ब्रोकरचा एखादा टॅग असेल आणि डिक्शनरीला तो ठाऊक नसेल, तर ग्रुप मध्येच तुटतो आणि उरलेली फील्डं चुकीच्या जागी जाऊन बसतात. एरर येईलच असं नाही.

स्टोअर. सीक्वेन्स नंबर आणि पाठवलेले संदेश ज्या फोल्डरमध्ये टिकतात, तो फोल्डर तात्पुरत्या डिस्कवर नको. कंटेनरमध्ये चालवत असाल तर बाहेरचं व्हॉल्यूम जोडा, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टला तुम्ही १ पासून सुरू कराल आणि समोरचा ४३२ ची वाट बघत बसेल.

रीसेट. 'रीसेट-ऑन-लॉगऑन' चालू केलं की चाचणीत सगळं सुरळीत चालतं, म्हणून ते तसंच प्रॉडक्शनला जातं. परिणाम असा: दुपारी दोन मिनिटं लाइन गेली, त्या दोन मिनिटांत तुमचे सौदे झाले, परत जोडल्यावर दोन्ही बाजू १ वर आल्या. ते सौदे आता तुम्हाला प्रोटोकॉलमधून कळणार नाहीत. समोरच्याने लेखी मागितलं असेल तरच ही सेटिंग ठेवा, आणि मग सौदे जुळवायची दुसरी वाट, ड्रॉप कॉपी (सौद्यांची वेगळ्या जोडणीवर येणारी प्रत) किंवा ऑर्डर स्टेटसची विनंती, तयार ठेवा.

कॉलबॅक. समोरून संदेश आला की लायब्ररी तुमचं 'फ्रॉमअ‍ॅप' बोलावते. तिथे डेटाबेसची जड कामं केली तर मागचे संदेश तुंबतात. म्हणून लोक संदेश मेमरीतल्या रांगेत टाकून लगेच परततात. इथे बारीक खाच आहे. तुम्ही परतलात की लायब्ररी तो नंबर मिळाला म्हणून पुढे सरकते. त्याच क्षणी प्रोसेस मेली तर रांगेतला सौदा गेला, आणि नंबर पुढे सरकलेला असल्याने तो परत मागितलाही जाणार नाही. म्हणून आधी कच्चा संदेश डिस्कवर लिहा, मग परता, बाकी काम मागाहून.

तपासा: मशीनचा टाइमझोन बदलून एकदा चालवून बघा. सेशन त्याच वेळी उघडतंय ना?

## टप्पा ६. ऑर्डरची अवस्था (लायब्ररी असो वा नसो)

१००० शेअरची खरेदी घ्या. ४०० झाले: टॅग १४ मध्ये झालेले ४००, टॅग १५१ मध्ये उरलेले ६००. तुम्ही रद्द करायची विनंती पाठवली. ती वाटेत असताना आणखी २५० झाले. आता आधी ६५० चा रिपोर्ट येईल, मग 'रद्द झाली, झालेले ६५०, उरलेले ०' असा रिपोर्ट. विनंती पाठवली त्याच क्षणी ऑर्डरवर 'रद्द' असा शिक्का मारणारा कोड हे २५० हरवतो. रद्द झाली असं समोरच्याने म्हणेपर्यंत ती 'रद्द होत आहे' याच अवस्थेत राहते, आणि या अवस्थेतही सौदे स्वीकारायचे असतात. सगळेच शेअर आधी झाले तर रद्द-नकार येतो, तोही हाताळा.

आणखी काही जागा:

- प्रत्येक बदलाला आणि रद्द करण्याला टॅग ११ मध्ये नवा आयडी, टॅग ४१ मध्ये जुना. हा जुना म्हणजे शेवटचा *मान्य झालेला* आयडी. शेवटचा पाठवलेला नव्हे.
- सौदा मोजताना टॅग १७ चा एक्झिक्युशन आयडी आधी आलाय का ते बघा. टॅग ४३ म्हणजे तोच संदेश त्याच नंबरने पुन्हा आलाय. टॅग ९७ म्हणजे नवा नंबर आहे, पण आतला मजकूर आधी येऊन गेलेला असू शकतो. लायब्ररी ४३ बघते, ९७ तुमच्या गळ्यात असतो.
- ४.२ साठी लिहिलेला कोड ४.४ ला लावताना टॅग १५० बघा. ४.२ मध्ये अंशतः झालेला सौदा १ आणि पूर्ण झालेला २ असा येतो. ४.४ मध्ये दोन्हींसाठी 'एफ' येतो. जुना कोड 'एफ' ओळखत नाही आणि सौदा गुपचूप सोडून देतो.
- किंमत दशांश प्रकारात ठेवा, फ्लोटमध्ये नको. ५ पैशांच्या टिकवर फ्लोट कधी ना कधी दगा देतो.

सावध: समोरच्याने राहिलेले संदेश परत मागितले की लायब्ररी तुमच्या जुन्या ऑर्डरही परत पाठवायला निघते. वीस मिनिटांपूर्वीची ऑर्डर आजच्या भावात कुणाला नको असते. क्विकफिक्सच्या, संदेश जाण्याआधी बोलावल्या जाणाऱ्या, 'टूअ‍ॅप'मध्ये टॅग ४३ असलेली ऑर्डर दिसली की 'डू-नॉट-सेंड' फेका. लायब्ररी तिच्या जागी गॅप फिल, म्हणजे 'हा नंबर सोड, पुढचा अमुक' असा संदेश, पाठवते.

## टप्पा ७. स्वतःच लिहायचं ठरलं असेल तर

क्रम असा: बाइट, मग साठवण, मग सेशन, शेवटी ऑर्डर. साठवण मागाहून जोडू म्हणणाऱ्यांना सेशन पुन्हा लिहावा लागतो.

७.१ संदेश कुठे संपतो. टीसीपीत एका वाचनात अर्धा संदेशही येतो आणि अडीचही येतात. दोन टॅगांच्या मध्ये विभाजक असतो, १ किमतीचा न दिसणारा बाइट. टॅग ९ मधली लांबी वाचा, तेवढे बाइट घ्या, पुढे चेकसमचे ७ बाइट घ्या. लांबी म्हणजे टॅग ९ च्या विभाजकानंतरपासून टॅग १० च्या आधीच्या विभाजकापर्यंत, तो विभाजक धरून. '१०=' शोधून संदेश तोडू नका. टॅग ९६ च्या कच्च्या डेटात विभाजकासकट काहीही असू शकतं, म्हणून त्याची लांबी टॅग ९५ मध्ये आधी दिलेली असते.

७.२ चेकसम. टॅग १० च्या आधीच्या सगळ्या बाइटची बेरीज, विभाजक धरून, भागिले २५६, उरलेली बाकी तीन अंकांत. हार्टबीटमधला '३५=०' एवढाच तुकडा घेतला तर मूळ आस्की बाइट ५१, ५३, ६१, ४८ आणि विभाजकाचा १, मिळून २१४. बाकी ७ आली तर ००७ लिहायचं, नुसतं ७ नाही. लॉगमध्ये विभाजकाऐवजी उभी रेघ दिसते, तीच कॉपी करून बेरीज केली तर उत्तर कधीच जुळणार नाही.

चेकसम चुकलेला संदेश आला तर रिजेक्ट पाठवायचा नाही. तो सोडून द्यायचा आणि अपेक्षित नंबरही वाढवायचा नाही. पुढचा संदेश आला की फट आपोआप दिसते.

७.३ आधी लिहा, मग पाठवा. नंबर आणि संदेश डिस्कवर गेल्यावरच सॉकेटवर. उलट केलं आणि मध्येच प्रोसेस पडली, तर तोच नंबर दुसऱ्या ऑर्डरला लागतो.

७.४ येणारा नंबर. अपेक्षेपेक्षा मोठा आला तर राहिलेले परत मागा. लहान आला आणि टॅग ४३ नसेल तर लॉगआउट देऊन जोडणी तोडा. ही गंभीर गडबड आहे, पुढे रेटू नका. लॉगऑनच मोठ्या नंबरने आला तर आधी लॉगऑनला उत्तर द्या, मग मागणी करा. मागणी उत्तराविना असताना प्रत्येक नव्या संदेशावर तीच मागणी पुन्हा करू नका. दोन्ही बाजू एकमेकांना परतपरत मागत बसतात आणि लाइन त्यातच भरते.

७.५ परत देताना. समोरच्याने ५ ते १२ मागितले. ५ हार्टबीट, ६ ऑर्डर, ७ ते ११ हार्टबीट, १२ ऑर्डर. हार्टबीट परत पाठवत नाहीत. त्यामुळे ५ नंबरचा गॅप फिल, पुढचा नंबर ६ असं सांगणारा. मग ६ ची ऑर्डर, टॅग ४३ आणि मूळ वेळेचा टॅग १२२ लावून. मग ७ नंबरचा गॅप फिल, पुढचा १२. मग १२. दोन्ही ऑर्डर शिळ्या असतील तर एकच गॅप फिल: नंबर ५, पुढचा १३. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये बहुतेक चूक एकच सापडते: गॅप फिलला चालू क्रमातला ताजा नंबर लावलेला असतो. त्याला फटीचा पहिला नंबर लागतो.

मागणीत शेवटचा नंबर ० असेल तर अर्थ 'आत्तापर्यंतचे सगळे'.

## टप्पा ८. मुद्दाम मोडून बघा

ब्रोकरचं सर्टिफिकेशन पास झालं म्हणजे नवी ऑर्डर, बदल, रद्द एवढं चालतं हे सिद्ध झालं. मोडतोड तुम्हालाच करायची आहे. ब्रोकरच्या जागी बसून जोडणी स्वीकारणाऱ्या प्रोग्रामला अ‍ॅक्सेप्टर म्हणतात. दुसरा अ‍ॅक्सेप्टर स्वतः उभा करा आणि हे करा:

1. ऑर्डर गेल्यावर, रिपोर्ट यायच्या आत प्रोसेस जबरदस्तीने मारा. उठवल्यावर रिपोर्ट मिळतो का?
2. केबल काढा, पण सॉकेट बंद करू नका. हार्टबीटची मुदत संपल्यावर टेस्ट रिक्वेस्ट जाते का, आणि उत्तर न आल्यावर जोडणी तुटते का?
3. अ‍ॅक्सेप्टरचा नंबर हाताने दहाने पुढे न्या. मग दहाने मागे न्या. दोन्ही वेळी वागणूक वेगळी हवी.
4. तोच सौदा टॅग ९७ लावून नव्या नंबराने पाठवा. पोझिशन, म्हणजे हाती असलेल्या शेअरची मोजणी, दुप्पट झाली तर टप्पा ६ वर परत जा.
5. रद्द-विनंती आणि सौदा एकमेकांना ओलांडतील असं घडवा.

तपासा: प्रत्येक चाचणीनंतर तुमच्या नोंदीतली पोझिशन आणि अ‍ॅक्सेप्टरकडची पोझिशन शेअरला शेअर जुळते का? लॉग स्वच्छ दिसणं हा पुरावा नव्हे.

## टप्पा ९. लाइव्ह आणि पहिले काही दिवस

चाचणीचे आयडी, चाचणीचा पोर्ट आणि चाचणीचा स्टोअर फोल्डर प्रॉडक्शनच्या सेटिंगमध्ये उरलाय का ते दोघांनी वेगवेगळं बघायचं. पहिली ऑर्डर एका शेअरची, बाजारभावापासून लांब, आणि लगेच रद्द. रिस्कच्या मर्यादा, म्हणजे एका ऑर्डरचं कमाल प्रमाण आणि भावाचा पट्टा, तुमच्या कोडमध्येही हव्यात. ब्रोकरकडे त्या असतात म्हणून आपल्याकडे नकोत, असं नाही.

रोज सकाळी प्री-ओपनच्या आधी लॉगऑन झालाय आणि दोन्ही नंबर अपेक्षित आहेत हे माणसाने डोळ्यांनी बघायचं. समोरच्या सपोर्टचा नंबर भिंतीवर.

कधीतरी दुपारी फोन येईल: "तुमचा नंबर ५१८ करा." फाइल उघडून आकडा बदलण्याआधी प्रोसेस थांबवा. चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनाच आकडा असतो आणि पुढच्याच संदेशाला ती फाइल पुन्हा लिहून टाकते. स्टोअर फोल्डरची प्रत काढा, कोणता नंबर बदलायचा (जाणारा की येणारा) ते विचारून घ्या, बदला, सुरू करा. मध्ये किती नंबर गाळले गेले ते लिहून ठेवा आणि तेवढ्या नंबरांत कोणते सौदे होते याची यादी त्याच फोनवर ब्रोकरकडून मागून घ्या.